हिरव्या शाईची खूण

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत लहानसहान चोऱ्या होऊ लागल्या. प्रथम एकदोन कंपासपेट्या गेल्या, मग एका मुलीच्या दप्तरातून परीक्षा शुल्कासाठी आणलेले पैसे गेले, आणि अखेर शिक्षकांच्या खोलीतून गणिताच्या तरुण शिक्षकांचे मनगटी घड्याळच नाहीसे झाले. मुलांच्या वस्तू जात होत्या तोवर सारा मामला 'मुलांच्या तक्रारी' या सदरात मोडत होता. घड्याळ जाताच त्याला एकाएकी गांभीर्य प्राप्त झाले. शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांची बैठक भरली.

"सर, पोलीस करतात तसे आपणही एक स्टिंग करू या," गणिताचे शिक्षक म्हणाले. "माझा जुना मोबाइल नववीच्या वर्गात टेबलावर विसरल्यासारखा ठेवतो. खिडकीच्या कोनाड्यात दुसरा मोबाइल चित्रीकरण करीत राहील. मधल्या सुट्टीत मासा गळाला लागलाच म्हणून समजा." कल्पना साऱ्यांनाच पसंत पडली. एका बाईंनी तर एका चित्रपटातील पोलीस अधिकाऱ्याने नेमका असाच सापळा कसा रचला होता त्याचे साद्यंत वर्णनही केले. सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. "विचार करून सांगतो," असे आम्ही म्हणालो. सरकारी नोकरीत या तीन शब्दांचा अर्थ बहुधा 'नाही' असा होतो; परंतु त्या दिवशी आम्हाला खरोखरच विचार करायचा होता. त्याचे कारण त्या बैठकीतील कोणालाच ठाऊक नव्हते.

घरी आलो तो आमचे चिरंजीव एक अमेरिकन चित्रपट पाहत बसलेले. चिरंजीव इंदुरातच कायद्याचे शिक्षण घेत आहेत, त्यामुळे गुन्हेगारी चित्रपट पाहणे हा अभ्यासाचाच भाग असल्याचे आम्हाला अनेकदा पटवून देण्यात आलेले आहे. चित्रपट होता 2013 सालचा 'अमेरिकन हसल'. आम्हीही खुर्ची ओढून बसलो, आणि पाहता पाहता शाळेतील प्रश्नच आमच्यापुढे पडद्यावर उभा राहिला.

त्या चित्रपटात एक धूर्त ठकसेन आहे. तो पोलिसांच्या तावडीत सापडतो, आणि शिक्षा टाळण्यासाठी त्यांच्याच वतीने मोठे मासे पकडून देण्याचे कबूल करतो. एका खोट्या अरब शेखाचा देखावा उभा केला जातो. एका शहराचा महापौर लोकांना रोजगार मिळावा म्हणून जुगारगृहांच्या उभारणीसाठी धडपडत असतो. त्याला हॉटेलात बोलावून पैशांनी भरलेली पेटी पुढे केली जाते. महापौर बिचकतो आणि उठून चालू लागतो. गोष्ट तेथे संपायला हवी होती. परंतु ठकसेन त्याच्या मागोमाग धावतो, त्याला गोड शब्दांनी समजावतो, शेखाचा विश्वास संपादन करण्याची ही केवळ एक रीत आहे असे भासवतो आणि त्याला पुन्हा व्यवहारात ओढून आणतो. पुढे महापौराला तुरुंगवास घडतो, आणि त्या कुटुंबाचा स्नेह जोडून बसलेला तो ठकसेन मनातल्या मनात कुढत राहतो.

"बाबा, आता सांगा," चिरंजीवांनी चित्र थांबवून विचारले, "हा गुन्हा महापौराने केला की पोलिसांनी?"

आम्ही उत्तर देण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "दूध उघडे ठेवायचे आणि मग मांजराला झोडपायचे, यात कसली आली मर्दुमकी?"

हे वाक्य आम्ही यापूर्वीही एकदा ऐकले होते. परंतु ते पुढे.

चित्रपटाची कथा बरीचशी रंगविलेली असली तरी तिच्या मुळाशी एक घडलेले प्रकरण आहे. 1978 ते 1980 या काळात अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण संस्थेने, म्हणजे एफबीआयने, 'ॲबस्कॅम' या नावाची मोहीम चालविली. खोटा शेख, खोटी कंपनी, लपविलेले कॅमेरे आणि एक शिक्षा झालेला ठकसेन सल्लागार, अशी तिची सामग्री होती. या मोहिमेतून एक सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाचे सहा सदस्य दोषी ठरले. आरोपींनी 'आम्हाला मोहात पाडले गेले' असा बचाव केला. खालच्या काही न्यायाधीशांना तो पटलाही, परंतु वरच्या न्यायालयांनी शिक्षा कायम केल्या. मात्र देशभर एवढा ऊहापोह झाला की जानेवारी 1981 मध्ये तेथील सरकारला अशा गुप्त मोहिमांसाठी लेखी नियमावली काढावी लागली. या प्रकरणातील एक गोष्ट आम्हाला विशेष मोलाची वाटते. त्याच खोलीत, त्याच कॅमेऱ्यासमोर लॅरी प्रेसलर नावाचे एक सिनेटर आले होते. त्यांच्यापुढेही आमिष टाकले गेले. त्यांनी ते नाकारले आणि ते निघून गेले. तेव्हा कोणी म्हणेल, 'पाहा, खरा सज्जन मोहात पडत नाही. पडला तो मुळातच वाईट.' हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. परंतु त्याच्याआड एक क्रूरपणा दडलेला आहे, असे आम्हाला आता वाटते.

गुन्हेगारी चित्रपट पाहताना आपण तीन निराळ्या गोष्टींची एकच मोट बांधतो. पहिली गोष्ट वेषांतराची. आमच्या लहानपणी रामबागेतील थोरांच्या गप्पांत 'जॉनी मेरा नाम' (1970) आणि 'डॉन' (1978) यांची नावे निघत. पहिल्यात देव आनंद गुप्तहेर होऊन टोळीत शिरतो. दुसऱ्यात पोलीस अधिकारी मेलेल्या डॉनच्या जागी त्याच्यासारखाच दिसणारा माणूस पाठवितो. इंग्रजीत 'डॉनी ब्रास्को' (1997) हा याच जातीचा चित्रपट. तो जोसेफ पिस्टोन या एफबीआयच्या अधिकाऱ्याच्या अनुभवावर आधारलेला आहे. हे गृहस्थ 1976 पासून 1981 पर्यंत न्यूयॉर्कमधील एका माफिया टोळीत टोळीवाले म्हणून वावरले. त्यात फसवणूक आहे, मित्र म्हणून मिठी मारणाऱ्याचा विश्वासघात आहे. पण मोहात पाडणे नाही. टोळी त्यांच्या आधीही होती आणि ते नसते तरीही ती आपले उद्योग करीतच राहिली असती.

दुसरी गोष्ट पाळतीची. 'दृश्यम'चा दुसरा भाग, हिंदीतील 2022 सालचा, पुष्कळांनी पाहिला असेल. गोव्यातील साळगावकर कुटुंबाच्या शेजारी पोलीसच शेजारी होऊन राहतात, घरात ऐकण्याची यंत्रे लपवितात. शेजारधर्माची ही विटंबना पाहून अंगावर काटा येतो. तरीही कायद्याच्या भाषेत हा प्रलोभनाचा सापळा नव्हे. गुन्हा आधीच घडून गेला आहे, पोलीस केवळ त्याचा माग काढीत आहेत. तेथे नीती आणि खाजगीपणा यांचा प्रश्न जरूर आहे, परंतु पोलिसांनी गुन्हा 'घडविला' असा आक्षेप घेता येणार नाही.

तिसरी गोष्ट आमिषाची, आणि खरा प्रश्न तिच्यापाशी आहे. जो गुन्हा त्या माणसाच्या मनात नव्हता तो त्याच्या मनात रुजविणे, त्याला खतपाणी घालणे, आणि अंकुर फुटताच हातकड्या घेऊन पुढे येणे, याला अमेरिकन कायदा सापळ्यात अडकविणे मानतो आणि आरोपीला त्या मुद्द्यावर सोडूनही देतो. 1932 सालच्या सॉरेल्स खटल्यात दारूबंदीच्या काळातील एक सरकारी माणूस प्रवासी बनून गेला. आपण दोघे महायुद्धात एकाच तुकडीत होतो अशा आठवणी काढून त्याने पुनःपुन्हा दारू मागितली, आणि अखेर त्या गृहस्थाने ती कोठूनशी आणून दिली. 1958 सालच्या शेर्मन खटल्यात तर सरकारचा खबऱ्या आणि आरोपी यांची गाठ पडली ती व्यसन सोडविण्यासाठी दोघे जात असलेल्या डॉक्टरांकडे. आपल्याला असह्य वेदना होत आहेत, उपचार लागू पडत नाहीत, असे सांगून खबऱ्या त्याच्याकडे मादक द्रव्य मागत राहिला. पहिल्यांदा त्याने टाळले, दुसऱ्यांदा टाळले. शेवटी दया येऊन आणून दिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा एकमताने रद्द केली. गाफील गुन्हेगारासाठी लावलेला सापळा निराळा आणि गाफील निरपराध्यासाठी लावलेला निराळा, असा भेद त्या निकालाने केला.

जाता जाता एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'तू पोलीस आहेस का?' असे विचारले असता गुप्त पोलिसाने खरे उत्तर दिलेच पाहिजे, नाही तर खटला कोसळतो, ही समजूत अनेक चित्रपटांनी पसरविली आहे. ती खोटी आहे. असा नियम असता तर गुप्त पोलीस ही जातच नष्ट झाली असती. खोटे बोलणे हा आक्षेपाचा मुद्दाच नव्हे. मुद्दा एवढाच की मन कोणी घडविले.

आपल्या देशात याबाबत काय स्थिती आहे, असे आम्ही चिरंजीवांना विचारले. त्यांनी जी माहिती सांगितली ती आपल्या मध्य प्रदेशातील वाचकांना जवळची वाटेल. पुढे आपल्या राज्यात विलीन झालेल्या विंध्य प्रदेशाच्या एका मंत्र्यांवर पन्नाच्या हिऱ्याच्या खाणींसंबंधी लाच घेतल्याचा खटला झाला. 1949 साली दिल्लीत त्यांना सापळा लावून पकडण्यात आले होते. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविणारा निकाल कायम ठेवला, परंतु पोलिसांनाही खडे बोल सुनावले. लाच देणाऱ्यापाशी पैसे नाहीत आणि ते उभे करण्याची ऐपतही नाही, अशा वेळी पोलिसांनीच पैसे पुरवून लाच घडवून आणणे समर्थनीय नाही, असा त्या निकालातील अभिप्राय आहे. दोन वर्षांनी, 1956 साली, रामजनम सिंग खटल्यात न्यायालयाने आणखी पुढचा विचार मांडला: माणसाची प्रवृत्ती कशीही असो, कायद्याच्या रखवालदारांनीच त्याच्या दुर्बळ सहनशक्तीपलीकडे त्याला हेतुपुरस्सर मोहात पाडू नये, एवढी अपेक्षा करण्याचा त्याला हक्क आहे. अमेरिकेसारखा स्वतंत्र बचाव आपल्या कायद्यात लिहिलेला नाही. पण न्यायाची ही दृष्टी मात्र आपल्याकडे आहे. 'दुर्बळ सहनशक्ती' या कल्पनेपाशी आम्ही बराच वेळ थांबलो.

चित्रपटातील सापळा आणि खरा सापळा यांत किती अंतर असते हे आम्ही एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी भ्रष्टाचारप्रतिबंधक खात्याने आम्हाला पंच म्हणून बोलाविले. सरकारी नोकरांच्या वाट्याला हे काम येते. एका शेतकऱ्याकडे जमिनीच्या फेरफारासाठी एका कर्मचाऱ्याने पैसे मागितले होते. आमची कल्पना अशी, की नोटा द्यायच्या, दबा धरून बसायचे आणि झडप घालायची. प्रत्यक्षात पहिला दिवस निव्वळ ऐकण्यात गेला. शेतकऱ्यापाशी ध्वनिमुद्रक देऊन त्याला पाठविण्यात आले, आणि मागणी खरोखरच झाली आहे याची खात्री करून घेण्यात आली. दुसऱ्या दिवशी नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहिले गेले, त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी भुकटी लावण्यात आली, आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तिचा रंग कसा पालटतो तेही आम्हा पंचांना दाखविण्यात आले. मग अधिकाऱ्यांनी शेतकऱ्याला बजावले, "त्याने मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत. आपण होऊन पुढे करायचे नाहीत. मागितलेच नाहीत तर तसेच परत यायचे."

त्याने मागितले. थोड्या वेळाने त्या कर्मचाऱ्याचे हात पाण्यात बुडविले गेले आणि पाणी गुलाबी झाले. 'रंगेहाथ' हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो, पण त्याचा रंग आम्ही त्या दिवशी पाहिला. कोणी आरडाओरडा केला नाही, पार्श्वसंगीत वाजले नाही. बाटल्या मोहोरबंद झाल्या आणि तो मनुष्य भिंतीकडे पाहत उभा राहिला. न्यायालये अशा खटल्यांत 'मागणी' सिद्ध करण्याचा आग्रह का धरतात याचा उलगडा आम्हाला त्या शेतकऱ्याला दिलेल्या ताकिदीतून झाला. डिसेंबर 2022 मध्ये नीरज दत्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही मागणी आणि स्वीकार या दोहोंची सिद्धता अनिवार्य असल्याचे सांगितले आहे. नुसत्या खिशात नोटा सापडणे पुरेसे नाही. मन आधी वाकलेले होते, हे दाखवावे लागते.

हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असे नाही. एम. ए.च्या काळात आम्ही कौटिल्याचे अर्थशास्त्र चाळले होते, रा. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेली त्याची चिकित्सित आवृत्ती ग्रंथालयात होती. त्यात चोर पकडण्याची एक युक्ती आहे. सिद्धपुरुषाच्या वेषातील हेरांनी चोरीकडे कल असलेल्या तरुणांना मंत्रविद्येचे आमिष दाखवावे, आधीच संकेत करून ठेवलेल्या गावात नेऊन दारे उघडण्याचा, लोकांना झोपविण्याचा चमत्कार दाखवावा, मग खुणा केलेल्या वस्तू ठेवलेल्या घरांत त्यांना चोरी करायला लावावी आणि पकडावे. भुकटी लावलेल्या नोटेची ही पणजीच म्हणावयाची! परंतु त्याच ग्रंथात, अमात्यांची गुप्त परीक्षा घेण्याच्या प्रकरणात, हाच कठोर राजनीतिज्ञ एक इशारा देतो: जो बिघडलेला नाही त्याला परीक्षेच्या नावाखाली बिघडवू नये, ते पाण्यात विष कालविण्यासारखे आहे, आणि एकदा बिघडलेल्यावर कदाचित औषधही सापडायचे नाही. ज्याने संशयालाच राज्याचा आधार केले त्यालासुद्धा या ठिकाणी थांबावेसे वाटले.

शिक्षकाच्या जातीला या इशाऱ्याची आठवण करून देणारे एक प्रकरण 2007 सालचे आहे. ऑगस्ट महिन्यात एका दूरचित्रवाहिनीने दिल्लीच्या एका सरकारी शाळेतील गणिताच्या शिक्षिकेवर 'स्टिंग' केल्याचे दाखविले आणि विद्यार्थिनींना अनीतीच्या मार्गाला लावल्याचा आरोप तिच्यावर केला. जमावाने शाळेबाहेर तिला मारहाण केली, कपडे फाडले. पुढे सारेच बनावट निघाले. विद्यार्थिनी म्हणून जिला दाखविले ती विद्यार्थिनी नव्हतीच. दिल्ली उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, आणि कोणाला मोहात पाडून गुन्हा घडविणारी चित्रणे करता येणार नाहीत असे त्याच वर्षी बजावले. तो सापळा पोलिसांचा नव्हता. पण कॅमेरा लपविला की लपविणाऱ्याच्या मनात आपण न्यायाधीश असल्याची भावना किती लवकर उत्पन्न होते, याचा हा धडा होता.

आता 'ते पुढे' म्हणून ठेवलेली गोष्ट सांगावयास हवी.

साल 1999. आम्ही याच शाळेत आठवीचे वर्गशिक्षक होतो. बदल्यांच्या फेऱ्यात हिंडत हिंडत अखेरीस मुख्याध्यापक म्हणून पुन्हा येथेच आलो आहोत. त्या वर्षीही वर्गात चोऱ्या होत होत्या. तेव्हा मोबाइल नव्हते आणि स्टिंग हा शब्दही आमच्या कानांवर आला नव्हता. परंतु हेरकथा पुष्कळ वाचल्या होत्या. आम्ही पन्नास रुपयांची एक नोट घेतली, तिच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने बारीकशी खूण केली, आणि कवायतीच्या तासाला मुले मैदानावर जाण्यापूर्वी ती टेबलावरील पुस्तकातून अर्धी बाहेर डोकावेल अशी ठेवली. हा 'अर्धी बाहेर' चा तपशील आम्हाला तेव्हा फार चतुराईचा वाटला होता.

नोट गेली. झडती घेतली. ती एका मुलाच्या मोज्यात सापडली. या मुलाविरुद्ध पूर्वी एकही तक्रार नव्हती. वडील बंद पडलेल्या एका कापड गिरणीत कामाला होते, आणि त्या दिवसांत मिळेल ती हमाली करीत. "का घेतलीस?" असे आम्ही दरडावून विचारले. तो म्हणाला, "सर, दिसली म्हणून घेतली." आम्हाला ते उत्तर निर्लज्जपणाचे वाटले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्याला सर्वांसमोर उभे केले. वडिलांना बोलाविले, ते हात जोडून उभे राहिले आणि मुलाला आमच्यासमोरच मारू लागले. आम्ही त्यांना थांबविले खरे, पण थोड्या उशिराने. संध्याकाळी मोठ्या अभिमानाने हा पराक्रम घरी सांगितला, तेव्हा सौभाग्यवतींनी प्रथम ते उघड्या दुधाचे वाक्य उच्चारले होते. आम्ही त्यांच्यावर रागावलो होतो.

तीन आठवड्यांनी वर्गात पुन्हा चोरी झाली. या वेळी खरा चोर सापडला, तोही कोणत्याही सापळ्याविना. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलानेच सांगितले. तो चांगल्या खात्यापित्या घरातला होता. त्याच्या वडिलांनी सर्वांच्या वस्तू भरून दिल्या आणि प्रकरण चार भिंतींच्या आत मिटले. त्याला प्रार्थनेच्या वेळी कोणी उभे केले नाही. पहिला मुलगा मात्र त्यापूर्वीच शाळा सोडून गेला होता. त्याचा दाखला आम्हीच भरला होता.

आज त्या महापौराची कथा पाहताना आम्हाला जाणवले, की पडद्यावरच्या पोलिसाला एक सोय तरी होती: तो निदान एका विशिष्ट माणसावर संशय घेत होता. आम्ही तर चाळीस मुलांपुढे एकच मोह टाकला, आणि जो सर्वांत अधिक गरजू होता तो त्यात सापडला. चोराला पकडण्यासाठी लावलेला सापळा चोराला ओळखत नाही. तो भुकेला ओळखतो. खरा चोर त्या दिवशी सावध राहिला, कारण तो चोर होता. प्रेसलरांसारखे नाकारून निघून जाणारे सज्जन मोठे खरेच. परंतु त्यांच्या खिशात त्या दिवशी घरचा किराणा अडलेला नव्हता, आणि त्यांचे वय तेरा नव्हते. त्या पन्नास रुपयांच्या मागे मागणी नव्हती, आधीचा संकल्प नव्हता. होती ती आमची चतुराई आणि त्याची दुर्बळ सहनशक्ती. न्यायालयापुढे आमचा खटला एक दिवसही टिकला नसता.

"बाबा, मग उत्तर काय?" चिरंजीवांनी पुन्हा विचारले. आम्ही सांगितले ते असे: महापौर निर्दोष नाही. पेटी घेताना हात त्याचेच होते, आणि लोकांच्या विश्वासाचे पद सांभाळणाऱ्याकडून थोडी अधिक सहनशक्ती अपेक्षिण्यात अन्याय नाही. परंतु तो उठून गेल्यावर त्याच्यामागे जो धावला, त्याने गुन्हा शोधला नाही, निर्माण केला. दार उघडे ठेवणे वेगळे आणि परत जाणाऱ्याचा हात धरून त्याला आत ओढणे वेगळे. सौभाग्यवती दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आमच्याकडे पाहत एवढेच म्हणाल्या, "आणि मुलांच्या बाबतीत?" मुलांच्या बाबतीत, आम्ही म्हणालो, दार उघडे ठेवणेसुद्धा आपलाच अपराध.

सोमवारी आम्ही गणिताच्या शिक्षकांना बोलावून नकार दिला. त्यांचा चेहरा पडला. "सर, मग चोर मोकळाच राहायचा का?" त्यांनी विचारले. प्रश्न योग्य होता, आणि त्याला आमच्यापाशी पूर्ण उत्तर नव्हते. वर्गांना कुलपे लावली. कवायतीच्या तासाला पाळीपाळीने दोन मुलांनी वर्गात थांबावे असे ठरविले, आणि ते उघडपणे सर्वांना सांगितले. कार्यालयाबाहेर एक पेटी ठेवली. कोणाला काही परत करायचे असेल तर त्यात टाकावे, नाव विचारले जाणार नाही, असे प्रार्थनेच्या वेळी जाहीर केले. दहाबारा दिवसांत दोन कंपासपेट्या परत आल्या. घड्याळ आले नाही. ते अद्यापही मिळालेले नाही. सज्जनपणाचा विजय झाला असे आम्ही म्हणणार नाही. एवढेच म्हणू, की या वर्षी एकाही मुलाला आम्ही चोर बनविले नाही.

त्याच आठवड्यात आम्ही जुनी कपाटे उघडून 1999 सालचे दाखल-खारिज रजिस्टर काढले. त्या मुलाच्या नावापुढे 'आचरण' या रकान्यात आमच्याच अक्षरांत 'असमाधानकारक' असे लिहिलेले आहे. अक्षर सुरेख आहे. तो मुलगा आता चाळिशीच्या उंबरठ्यावर असेल; कोठे आहे, काय करतो, ते आम्हाला ठाऊक नाही. नोंदवहीतील जुना शेरा खोडण्याची परवानगी नियम देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून आम्ही कागदाची एक लहानशी पट्टी घेतली, तिच्यावर 'हा शेरा चुकीचा होता; चूक शेरा लिहिणाऱ्याची' एवढे लिहिले, खाली तारीख घातली आणि सही केली. हुद्द्यामुळे आता आम्ही सही हिरव्या शाईनेच करतो. ती पट्टी त्या पानाला टाचून ठेवली आहे. आमच्या निवृत्तीनंतर येणारे मुख्याध्यापक ती काढून टाकतीलही. पण तोवर ती तेथे राहील.